एकट्यानेच यावे

“एकटीच आलेय, सर. बाहेरची पाटी वाचली,” असं म्हणत भोंगा आत शिरली आणि कुणी बस म्हणायच्या आत खुर्ची ओढून बसलीसुद्धा.

भोंगा म्हणजे कॉलेजातल्या मुलांची प्रतिनिधी. आवाज असा, की मैदानात बोलली तर वाचनालयातली माणसं डोकी वर काढायची. हे नाव तिला कुणी ठेवलं कुणास ठाऊक, पण तिला ते ठाऊक होतं आणि थोडा अभिमानही होता. सरांनाही नाव होतंच. कुलूपकाका. ते सरांच्या कानावर गेलेलं नाही असं सगळे धरून चालायचे आणि सरही त्यांना तसं धरून चालू द्यायचे.

सर संख्याशास्त्राचे विभागप्रमुख, पण त्यांची खरी ओळख होती ती त्यांनी आणलेल्या नियमामुळे. सत्र सुरू होताना विषय निवडून नाव नोंदवायचं, तर आधी आपल्या सल्लागार शिक्षकाला भेटायचं. भेट झाली की शिक्षक संगणकावर बटण दाबणार, मुलाच्या नावापुढचं कुलपाचं चित्र जाणार आणि नोंदणी खुली होणार. भेट नाही तर कुलूप. कुलूप तर सत्र बुडालं. नियम काही सरांच्या लहरीतून आलेला नव्हता. त्यांच्या वर्गातला एक चांगला मुलगा मन लावून शिकत शेवटच्या वर्षाला पोचला आणि तेव्हा कळलं, की पदवीसाठी लागणारा एक विषय त्याने घेतलेलाच नाही. “कुणी सांगितलंच नाही, सर,” एवढंच तो म्हणाला होता. आरडाओरडा केला असता तर सर विसरलेही असते. ते साधं वाक्य मात्र कुसळासारखं आत राहून गेलं.

उद्या शिक्षकांची बैठक होती. ही भेटीची सक्ती उठवा म्हणून मुलांनी अर्ज दिला होता. भोंगाने आल्या आल्या त्यातले मुद्दे सुनावायला घेतले: आम्ही काही लहान नाही, विषय आमचे, आयुष्य आमचं, काही शिक्षक तर मान वर न करता बटण दाबतात, त्याला भेट म्हणायचं का? सर ऐकत होते. शेवटचा मुद्दा त्यांनाही पटत होता, पण ते तिला कशाला सांगतील?

“आणि तुमच्याकडची एक मुलगी अजून कुलपात आहे,” भोंगा म्हणाली. “नोंदणी आज संध्याकाळी बंद होतेय.”

सरांना ते माहीत होतं. खिडकीजवळ बसणारी, वर्गात कधी कधी डोळे मिटणारी, पण प्रश्न विचारला की नेमकं उत्तर देणारी ती मुलगी. निरोप धाडून झाले होते. फोन केला तर “कामावर आहे, सर,” म्हणून दोनदा ठेवून दिला होता. तिच्यासाठी दुपारभर इथून हलायचं नाही असं सरांनी ठरवलं होतं, आणि तसं त्यांनी भोंगाला सांगितलंही.

“तुम्ही बसाल, सर. ती येणार नाही. म्हणजे नियमही शाबूत आणि मुलगी घरी.” मग पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. “दोनदा आली होती ती. तुमच्या दारापर्यंत. मी पाहिलंय.”

“मग आत का नाही आली?”

“ते तिलाच विचारा. मी काही तिचा भोंगा नाही.”

जाताना भोंगा, ती मुलगी कुठल्या हॉटेलच्या धुलाईघरात काम करते ते सांगून गेली. मागच्या दाराने जा, म्हणाली. पुढून गेलात तर तुम्हाला खोलीच विकतील.

सरांनी संगणकावर त्या मुलीचं नाव काढलं. दाबावं बटण आणि मोकळं व्हावं? शेजारच्या खोलीतला तरुण शिक्षक तेच तर करायचा आणि मुलं त्याच्यावर खूश असायची. सरांचं बोट बटणाशी गेलं, पण ते कुसळ टोचलं. न भेटता कुलूप काढायचं तर मग ते लावलं कशाला? आणि न काढावं तर चूक नसताना मुलीचं सत्र जाणार. सकाळी बायकोने मारलेला टोमणा उगाच आठवला. भेटींचं वेळापत्रक पुढ्यात घेऊन ते चहा पीत होते, तर ती म्हणाली होती, “बरं आहे हो त्या मुलांचं. आम्हाला कधी मिळणार भेटीची वेळ?”

सर उठले, छत्री घेतली, परत ठेवली, आणि निघाले.

धुलाईघर तळघरात होतं. दार उघडताच वाफेचा आणि साबणाच्या वासाचा लोट तोंडावर आला. यंत्रांची घरघर एवढी, की स्वतःचं खोकणंही ऐकू येईना. सुकवलेल्या चादरींचा ढीग माणसाच्या छातीएवढा. त्याच्यापाशी ती मुलगी एक लांबलचक चादर हनुवटीखाली धरून एकटीच घडी घालायची खटपट करत होती. सरांना पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ती पटकन दोन पावलं बाजूला सरकली, मागची ढकलगाडी तिच्या आड लपेल अशी.

पण ढकलगाडी रुंद होती आणि ती किडकिडीत. घडी केलेल्या टॉवेलांच्या थरावरून एक इवलंसं पाऊल बाहेर आलेलं सरांना दिसलं. मोजा अर्धा निसटलेला. अंगठा वर करून, जगाची काही पर्वा नसल्यासारखं झोपलेलं पाऊल.

इस्त्रीच्या मोठ्या रुळाशी एक दणकट बाई उभी होती. तिथली सगळी सत्ता तिच्याकडे असावी. तिने सरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“मास्तर दिसताय. बोलायचंय तर बोला, पण हात चालू ठेवून. हिची जोडीदारीण आज आलेली नाही. धरा ते टोक.”

संख्याशास्त्राच्या विभागप्रमुखांनी चादरीचं टोक धरलं. त्यांना घडी येत नव्हती. पहिली चादर त्यांच्या हातातून सुटली, दुसरीचं एक टोक उलटं आलं. मुलीने लांबूनच खुणेने दाखवलं: कोपरे धरा, ताणा, झटका द्या, आता अर्ध्यात आणा, आता माझ्याकडे चालत या. सर चालत गेले. तिने त्यांच्या हातातले कोपरे अलगद काढून घेतले आणि ते खाली लोंबणारी घडी उचलायला वाकले. चादरीएवढ्या अंतरावरून काही ऐकू येत नव्हतं. बोलता यायचं ते फक्त जवळ आल्यावर, कोपरे हातात देताना, एखादं वाक्य. मग पुन्हा मागे, पुढच्या चादरीला.

“दारापर्यंत येऊन परत का गेलीस?” सरांनी विचारलं आणि मागे गेले.

ताण. झटका. अर्ध्यात.

“पाटी होती, सर.”

सर पुढची चादर ताणत राहिले. कुठली पाटी ते त्यांना आधी कळेचना.

“भेटीला एकट्यानेच यावे,” ती जवळ येऊन म्हणाली. “मी एकटी कुठेय?” आणि तिने मानेने ढकलगाडीकडे दाखवलं.

पाटी सरांनीच लावली होती, आणि चांगल्या हेतूने. मुलांबरोबर वडील यायचे, काका यायचे. विषय मुलाचा, बोलणार काका. एका मुलीला तर अख्ख्या भेटीत तोंडच उघडू दिलं नव्हतं. मुलाने स्वतःचं स्वतः बोलावं म्हणून ती पाटी. हे सगळं सांगायला सरांनी मनात वाक्यं जुळवली, पण चालत तिच्यापर्यंत पोचले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हिला याचा काय उपयोग? त्यांनी नुसते कोपरे दिले.

पुढच्या चार-सहा चादरींत तिने तुकड्या-तुकड्याने सांगितलं. मुलगी पाच महिन्यांची. ढबी म्हणतात तिला घरी; जन्मली तेव्हा गुबगुबीत होती, आता नाही, पण पडलं नाव. नवरा मालाच्या ट्रकवर, महिन्यातले थोडेच दिवस घरी. इथल्या बाईंची परवानगी आहे, म्हणून ढबी कामावर येते; वर्गांच्या वेळी सांभाळणारी शेजारीण सध्या गावी गेलीय. कॉलेजात कुणाला ठाऊक नाही, एका भोंगाशिवाय; आणि भोंगा बाकी सगळं जगाला ओरडून सांगते, पण हे तिने कुणालाच सांगितलं नाही.

“मला वाटलं, कळलं तर तुम्ही म्हणाल, वर्षभर थांब.”

सर मागे गेले. खरं सांगायचं तर त्यांनी तसंच म्हटलं असतं. मायेने म्हटलं असतं, पण म्हटलं असतं.

ती पुन्हा जवळ आली. “माझ्या दोन मैत्रिणी अशाच वर्षभर थांबल्या, सर. अजून थांबल्यात.”

ढबीने झोपेत सुस्कारा टाकला. आईने हातातली चादर न सोडता मान वळवून पाहिलं, दुसरा मोजाही निघाला आहे हे टिपलं, आणि पुन्हा कोपरे जुळवले. सरांनी विचारलं, विषय कोणते घेणार आहेस? तिने सांगितले. सगळे दुपारचे. वर्ग सुरू झाले की काम फक्त सकाळचं असतं, म्हणून सकाळी होणारा नमुना सर्वेक्षणाचा विषय तिने पुढच्या वर्षावर टाकला होता.

“पुढच्या वर्षी तो शिकवतच नाहीत,” सर म्हणाले. “वर्षाआड असतो. आत्ता सोडलास तर पदवी अडकेल.”

या वेळी ती मागे गेली नाही. दोघांच्या मधली चादर सैल पडून जमिनीला टेकली.

“कुणी सांगितलंच नाही, सर.”

यंत्रं घरघरत होती. सर त्या चादरीचं टोक धरून उभे राहिले. त्यांच्या नियमाने ज्या वाक्याचा बंदोबस्त केला होता, ते वाक्य त्यांच्याच दाराशी दोनदा येऊन परत गेलं होतं.

मग ते जिन्यात गेले, कारण तिथे फोन लागत होता. नोकरी करणाऱ्यांसाठी त्या विषयाची एक संध्याकाळची तुकडी होती. ती शिकवणाऱ्या बाईंशी सरांचं फारसं सख्य नव्हतं. भेटीच्या सक्तीविरुद्ध त्याच सगळ्यात जास्त बोलायच्या. सरांनी आवाजात शक्य तेवढा गोडवा आणून विचारलं. पलीकडून उत्तर आलं, जागा आहे, एक काय दोन द्या, पण आज सूर्य पश्चिमेला उगवलाय का?

खाली येऊन सांगितलं तर मुलीचा चेहरा उजळला आणि लगेच मावळला. शेजारीण दुपारपुरतीच; संध्याकाळी ढबीला कुठे ठेवणार? रुळाजवळच्या बाईने मागे न वळताच विचारलं, आठवड्यातून किती संध्याकाळी?

“दोन,” सर म्हणाले.

“राहील माझ्यापाशी. रडली तर तिलाही चादरीला लावीन. तुमच्यापेक्षा बरी घालेल घडी, मास्तर.”

मुलगी हसली. इतक्या वेळात पहिल्यांदा. ती हसली की तिचं वय कळत होतं.

सर कॉलेजात परतले तेव्हा कार्यालयातली माणसं टेबलं आवरत होती. त्यांनी बटण दाबलं. कुलूप गेलं. ते तसेच बसून राहिले, पडद्याकडे बघत. काही वेळ काहीच झालं नाही. हात ओले असतील, ढबी उठली असेल, फोन सापडत नसेल. मग तिच्या नावापुढे पहिला विषय उमटला. मग दुसरा. शेवटी नमुना सर्वेक्षण, संध्याकाळची तुकडी.

निघताना त्यांनी दारावरची पाटी नखाने खरवडून काढली. पूर्ण निघाली नाही. “यावे” तेवढं राहिलं, आणि ते त्यांनी राहू दिलं.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत सर नियमाच्या बाजूने तासभर बोलणार अशी सगळ्यांनी मनाची तयारी करून ठेवली होती. ते उठले आणि म्हणाले, “भेट हवीच. पण तिची सक्ती मुलांवर नको, आपल्यावर हवी. कुलूप काढून टाका. जो आला नाही, त्याच्याकडे आपण जायचं.”

मग जो गलका उठला तो चहा येईपर्यंत चालला. आम्ही काय दारोदार हिंडायचं का, इथपासून ते प्रवासखर्च कोण देणार, इथपर्यंत. शेवटी संध्याकाळच्या तुकडीच्या बाई म्हणाल्या, एक सत्र करून तर बघू. तेवढं ठरलं. बाहेर भोंगा वाट पाहत होती. निकाल ऐकून ती जरा गोंधळली.

“म्हणजे मी जिंकले की तुम्ही, सर?”

“ते उद्या सांगतो. भेटायला ये. कुणाला आणायचं असेल तर आण.”

घरी आले तर बायको वाळलेले कपडे काढून गच्चीवरून उतरत होती. तिने पलंगावर ढीग टाकला, वरची चादर घेतली आणि सवयीने हनुवटीखाली धरली. सरांनी दोन कोपरे उचलले. ती बघतच राहिली.

“काय हो, बरं वाटतंय ना?”

“ताण,” सर म्हणाले. “आता झटका दे.”

तिने झटका दिला. दोघं चालत जवळ आली. कोपरे तिच्या हातात देताना सरांनी सांगितलं, काल एका धुलाईघरात गेलो होतो. मग ते मागे गेले. दुसऱ्या चादरीला ढबीचं पाऊल आलं. तिसरीला पाटी. पाटीचं ऐकून कोपरे घेताना तिची बोटं जराशी जास्त वेळ त्यांच्या बोटांवर राहिली.

“आणि मग?” तिने विचारलं.

सर वळले, पण पलंगावरच्या चादरी संपल्या होत्या. बायकोने इकडेतिकडे पाहिलं. मग घडी करून ठेवलेली सगळ्यात वरची चादर उचलली, झटकून पुन्हा पूर्ण उलगडली आणि तिची दोन टोकं त्यांच्यापुढे धरली.