जाऊबाईंचं बियाणं

सकाळचा चहा उरकला तशी धाकटीने ओट्यावरच्या दोन ओल्या कागदी गुंडाळ्या उलगडल्या. प्रत्येकीत सोयाबीनचे शंभर दाणे, आठवडाभर ओलाव्यात ठेवलेले. नवऱ्याच्या शेतातले अठ्ठावन्न उगवले होते, बाकीचे कुजून बुळबुळीत झाले होते. थोरल्या जाऊबाईंच्या तुकड्यातले मात्र एक्क्याण्णव! तिने दोनदा मोजले, आकडा काही बदलेना.

थोरले दीर वारले तेव्हा परसातला तो तुकडा जाऊबाईंच्या पदरात टाकला होता, तोही उपकार केल्यासारखा. खता-औषधाच्या वाटणीत त्यांची आठवण कुणाला येत नसे, म्हणून त्या शेणखतावर भागवत. घरातलं सगळं बियाणं त्याच निवडायच्या, त्याच वाळवायच्या. पण गिऱ्हाईक दारात आलं की बियाण्यावर विधवेची नजर नको, म्हणून त्यांना कोठीत बसवून बाहेरून कडी घालायची. सात वर्षं हे चाललं होतं आणि कडी घालायचं काम धाकटीचं होतं. तिला लाज वाटे. पण नुसती लाज वाटून कडी निघत नाही.

"आज बियाणे तपासनीस येतोय," नवरा म्हणाला. "वहिनींचं बियाणं माझं म्हणून दाखवायचं. त्याला पसंत पडलं तर पुढच्या हंगामात बियाणं पिकवायचं सगळं काम माझ्या नावावर मिळेल."

"आणि जाऊबाईंना काय?"

"दोन वेळचं मिळतंय ना त्यांना? जा, कडी घाल."

जाऊबाई न सांगताच कोठीत जाऊन बसल्या होत्या. "घाल गं," त्या म्हणाल्या, "उगाच तुला बोलणी नकोत." धाकटीने कडी घातली.

तपासनिसाने अंगणात बसून मूठभर दाणे तळहातावर निरखले. "सेंद्रिय?"

"शंभर टक्के! नुसतं शेणखत," नवऱ्याने छाती पुढे काढली.

"नुसत्या शेणखतानं असं बियाणं होत नाही हो. शेणखत घालून फुटका दाणा आणणारेही रोज भेटतात. सोयाबीनचं साल पातळ, जरा आपटलं की अंकुर मेला. मळणी कशी केलीत?"

"मशीनवर."

"मग एकाही दाण्याला तडा कसा नाही?"

नवऱ्याने धाकटीकडे बोट केलं. "ते... ही बघते सगळं. सांग गं."

धाकटीला उत्तर येत होतं. काठीने हलक्या हाताने झोडपायचं, सावलीत वाळवायचं. सारं डोळ्यांदेखत झालेलं. एवढं बोललं की काम नवऱ्याच्या खिशात, आणि जाऊबाई जन्मभर कोठीत.

"ज्यांनी केलं त्या आत आहेत," ती म्हणाली. "मीच कोंडलंय त्यांना."

नवऱ्याने डोळे वटारले. तिने जाऊन कडी काढली. जाऊबाई उठल्याच नाहीत.

"वेडी का तू? घाल परत!" त्या कुजबुजल्या. "उद्या कुणाचं उगवलं नाही तर खापर माझ्याच माथी फुटेल."

"नाही येणार? मग मीही इथेच बसते." ती त्यांच्या शेजारी पोत्यावर बसली आणि तिने हाक मारली, "साहेब, तुम्हीच आत या!"

तपासनीस उंबऱ्याशी आला. "बाई, हे बियाणं कोणाचं?"

जाऊबाई खाली बघत काहीतरी पुटपुटल्या.

"ऐकू नाही आलं."

धाकटीने त्यांचा हात घट्ट धरला.

"माझं," जाऊबाई म्हणाल्या, आणि या वेळी ते अंगणात उभ्या असलेल्या धाकट्या दिरालाही ऐकू गेलं.