मागचा डावा कोपरा

मेलेल्यांना हाक मारून बोलावणाऱ्या हाकवाल्याला या घरातून काय मिळणार होतं, ते आधी मांडू. जाड पडद्यांचा एक दिवाणखाना. दर रविवारी दुपारी आपल्या पायांनी येणारी, बसायची खुर्चीसुद्धा घरून आणणारी चाळीस माणसं. आणि जिच्या तोंडावर ‘हे खोटं आहे’ म्हणायची कुणाची छाती होणार नाही, अशी एक साक्षीदार : पाच महिन्यांपूर्वी अपघातात मुलगा गमावलेली आई. बदल्यात त्याने काय घातलं होतं? मऊ आवाज, वाढवलेली दाढी आणि लांब बाहीचा अंगरखा. एवढ्याशा बियाण्यावर एवढं पीक कुणाच्या शेतात येतं?

“शांत बसा,” हाकवाले म्हणाले. “खोकू नका. आत्म्याला उजेड सोसत नाही. गडबड सोसत नाही. प्रश्न तर अजिबात सोसत नाहीत.”

आत्म्याची प्रकृती एकूण फारच तोळामासा. जिवंतपणी हाच मुलगा रेडिओ लावून अभ्यास करायचा.

आईची खुर्ची नेहमीच्या जागी होती. ती जागा हाकवाल्यांनीच ठरवून दिली होती, मागची भिंत हातभर अंतरावर. पडदे ओढले गेले. चाळीस माणसांनी श्वास रोखला. आणि तिच्या डाव्या खांद्यामागून, जिथे माणूस काय, मांजरही मावलं नसतं, तिथून आवाज आला :

“घाबरू नकोस. मी तुझ्या मागेच आहे.”

कुणीतरी हुंदका दिला. शेजारच्या शिंपीणबाईंनी पदर तोंडात धरला. दाराशी उभा असलेला बाप मात्र खचला तो वेगळ्याच कारणाने. तो एका कारखान्यात स्टोअरकीपर होता, तीस वर्षं खरा माल आणि नकली माल बोटांनी ओळखत आला होता. नक्कल असती तर पहिल्याच शब्दाला धरली असती. पण ही नक्कल नव्हती. ‘मागेच’ म्हणताना किंचित अडखळणारा तो आवाज त्याच्या मुलाचाच होता.

“औषध घेऊ नकोस,” आवाज पुढे म्हणाला. “अजून नको.”

“ऐकलंत ना, आई?” हाकवाल्यांनी हात जोडले. “गोळ्यांनी आतला कान बंद होतो. ज्या दिवशी गोळी घ्याल, त्या दिवशी तो परत फिरेल. मग मला बोल लावू नका.”

आईने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर एरवी पाच महिन्यांत न दिसलेलं सुख होतं, आणि पाय पावसात भिजलेल्या उंबरठ्याच्या लाकडासारखे सुजले होते.

सोमवारी डॉक्टरीणबाई आल्या. हृदयाच्या गोळ्यांचं पाकीट त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. एकोणीस दिवसांत एकही गोळी कमी झाली नव्हती. पायावर बोट दाबलं, तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. त्या स्टोअरकीपरला घेऊन बाहेर आल्या आणि जिन्यात थांबल्या.

“फार तर आठवडा. मग मला हे तीन मजले चढायची गरज उरणार नाही.”

“असं बोलू नका हो.”

“मग कसं बोलू? तुम्ही नवरा ना? दटावा तिला.”

“मी दटावू? तिला पोटचा पोर सांगतोय. त्याच्यापुढे मी कोण?” स्टोअरकीपरने कठडा घट्ट धरला. “आणि आवाज त्याचाच आहे, डॉक्टर. मी बाप आहे, मला कळत नाही का?”

“आवाज कुठून येतो?”

“तिच्या मागून. डावीकडून.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

“दुसऱ्या कुणाच्या घरी नाही येत?”

“शिंपीणबाईंनी बोलावलं होतं एकदा. नाही आला. हाकवाले म्हणाले, त्याला ओळखीची जागा लागते.”

“जिवंतपणी स्वतःच्या खोलीतून निघत नव्हता, आता एका खुर्चीमागे टिकून बसलाय?” डॉक्टरीणबाईंनी पिशवी खांद्यावर घेतली. “तुम्ही स्टोअर सांभाळता. एखादी वस्तू रोज त्याच फळीवर त्याच जागी सापडली, तर तुम्ही काय म्हणता?”

“म्हणतो, कुणीतरी ठेवलीय.”

एवढं म्हणाला आणि त्याने वळून दिवाणखान्याच्या दाराकडे पाहिलं.

दोन वर्षांपूर्वीची एक सुट्टी त्याला आठवली. मुलाने खेळांसाठी भारी कॉम्प्युटर घेतला होता आणि त्याचा आवाज त्याला दिवाणखान्यातल्या रिसीव्हरला जोडायचा होता. रिसीव्हर म्हणजे काय, हे त्याने बापाला समजावलं होतं : कॉम्प्युटरकडून सगळे आवाज एकाच केबलने घ्यायचे आणि पाच स्पीकरना ज्याचे त्याला वाटून द्यायचे. भिंतीला भोक पाडून केबल आणली, तरी आवाज समोरच्या दोन स्पीकरमधूनच येईना. पोरगा खाली मांडी घालून सेटिंगमध्ये शिरला. “बाबा, याला वाटतंय आपल्याकडे दोनच आहेत. पाच आहेत म्हणून सांगायला पाहिजे.” मग त्याने एक तपासणी लावली. खरखर एका स्पीकरमधून दुसऱ्यात जात खोलीभर फिरली, आणि बापाने कारखान्यातल्या सवयीने प्रत्येक तारेला नंबराची चिठ्ठी चिकटवली. पाच नंबर : मागचा डावा.

मुलगा गेल्यावर आईने स्पीकरांवर आणि रिसीव्हरवर धूळ बसू नये म्हणून कापडं घातली. ती कापडं काढायचं कुणाला सुचलं नाही. मुलाची खोली बंद झाली. कॉम्प्युटर मात्र कधीच बंद झाला नाही. “त्याने चालू ठेवलाय,” ती म्हणाली होती, “मी नाही बंद करणार.” दाराखालून येणारा निळा उजेड घरात देवघरातल्या दिव्यासारखा जपला जात होता.

ती झोपलेली असताना स्टोअरकीपरने रिसीव्हरवरचं कापड उचललं. यंत्र चालू होतं, हाताला कोमट लागलं. मागे त्याच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. पाच नंबरची तार त्याने चिमटीत धरली. एक झटका, की संपलं.

पण हात पुढे जाईना. खरं सांगायचं तर रविवारी दाराशी तोही त्या आवाजासाठीच उभा राहायचा. आणि तार तोडून उपयोग काय होता? हाकवाले म्हणाले असते, बापाच्या संशयाने पोरगा रुसला. ती गोळ्यांना हात लावायची नाही ती नाहीच, वर नवऱ्याचं तोंडही बघायची नाही. आवाज थांबवून भागणार नव्हतं. आवाजाचा रस्ता सगळ्यांना दाखवायला हवा होता. त्याने पाच नंबरची आणि दोन नंबरची तार एकमेकींच्या जागी लावली. दोन नंबर म्हणजे समोरचा उजवा. त्याला टेकूनच हाकवाल्यांचं आसन असे.

मग त्याने निरोप धाडला : मी हरलो, गोळ्यांचं काय करायचं ते मुलाला चारचौघांत एकदा विचारा, पण रविवारपर्यंत धीर नाही. हरलेला बाप म्हणजे पक्कं झालेलं घर. हाकवाले बुधवारीच हजर झाले, मागोमाग खुर्च्या घेऊन चाळीस माणसंही. डॉक्टरीणबाई मागच्या रांगेत बसल्या.

पडदे ओढले. श्वास रोखले गेले. आणि हाकवाल्यांच्या मांडीला लागून, त्यांच्याच कानात आवाज घुमला :

“घाबरू नकोस. मी तुझ्या मागेच आहे.”

हाकवाले असे उडाले, की आसन एकीकडे आणि ते एकीकडे. चाळीस माणसांत घाबरला तो एकटाच. बाहीतून फोन सुटला आणि जमिनीवर उजळून पडला.

“आज... आज त्याने जागा बदलली!” ते धापा टाकत म्हणाले.

“त्याने कुठली? मी बदलली,” स्टोअरकीपर म्हणाला आणि पडदा सर्रकन ओढला.

शिंपीणबाईंनी फोन उचलून डोळ्यांजवळ धरला. “अगंबाई! इथे तर यादीच आहे. घाबरू नकोस, औषध घेऊ नकोस, मी आलोय...”

“दाबा त्यातलं एक,” स्टोअरकीपर म्हणाला.

त्यांनी दाबलं. मेलेला मुलगा हाकवाल्यांच्या आसनाशी बोलला. स्टोअरकीपरने तारा मूळ जागी लावल्या. “आता परत दाबा.” मुलगा आईच्या मागे बोलला. तिसऱ्यांदा दाबायची गरज पडली नाही.

मग सगळं बाहेर आलं. हाकवाल्याचं व्हिडिओ खेळांचं पार्लर बुडालेलं. तो लांबून, फोनवरून आणि कॉम्प्युटरवरून, या मुलाबरोबर रोज खेळायचा. आपल्या पाच स्पीकरांचं कौतुक मुलाने त्याला सांगितलं होतं, आणि विश्वासाने आपल्या कॉम्प्युटरचा पासवर्डही देऊन ठेवला होता. त्या कॉम्प्युटरवर मुलाने स्वतःच रेकॉर्ड करून साठवलेल्या, खेळतानाच्या गप्पा होत्या. हाकवाल्याने त्यातली वाक्यं कापली, फक्त मागच्या डाव्या स्पीकरच्या वाटेला लावली, आणि फोनवरून एकेक सोडत राहिला.

“त्यांना समाधान मिळत होतं,” तो दाराकडे सरकत म्हणाला. “वाईट काय केलं मी?”

“एकवीस दिवसांच्या गोळ्या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “वाईट हे केलंत.”

माणसं खुर्च्या काखेत मारून एकेक करून गेली. आई हलली नव्हती.

“तुम्ही त्याला दुसऱ्यांदा मारलंत,” ती नवऱ्याला म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. “राहू द्यायचं होतं. मी मेले असते तर मेले असते.”

“आणि मी?”

 त्याने तिला काखेत धरून उठवलं आणि मुलाच्या खोलीत नेलं. पाच महिन्यांनी ते दार पहिल्यांदा उघडलं. कापलेल्या तुकड्यांच्या शेजारीच अख्ख्या गप्पा होत्या. त्याने त्यातली एक लावली. गोळीबार, आरडाओरडा, हसणं. मग तोच आवाज : “घाबरू नकोस, मी तुझ्या मागेच आहे. औषध घेऊ नकोस. अजून नको, शेवटच्या फेरीला लागेल.” आणि पुढे, जिथे हाकवाल्याने कात्री चालवली होती तिथे : “ए, थांबा रे. आई हाक मारतेय. मी गेल्याशिवाय ती जेवायला बसायची नाही.” त्याच्याही मागे, लांबून, भांड्यांच्या आवाजात तिची स्वतःची हाक होती.

तिने कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवलं.

“हे का कापलं त्याने?”

“त्याच्या कामाचं नव्हतं.”

“पाणी आणा,” ती म्हणाली. “आणि ते पाकीट.”

गप्पा दुसरीकडे उतरवून घेतल्यावर कॉम्प्युटर तिनेच बंद केला.

गेलेल्या माणसाचा आवाज अचानक कानावर आला, तर खुशाल रडा, त्यात लाज कसली. पण रडून झालं की उठा आणि तार कुठे जाते ते बघा. जो तुम्हाला प्रश्न विचारू देत नाही, त्याच्या बाहीत काहीतरी आहे एवढं धरून चला. आणि औषध थांबवायला सांगणारा देव असो, भूत असो की पोटचा मुलगा असो, आधी डॉक्टरला विचारा.

आता हे कुणाला कितीला पडलं ते पाहू. हाकवाल्याचं गेलं फक्त एक आसन. दाढी काढून तो दुसऱ्या गावी गेला असं ऐकतो. चाळीस माणसांच्या पाच-सात दुपारी गेल्या, त्यांची त्यांना खंत नाही. आईच्या पायांची सूज उतरली, पण हृदयाचं जे बिघडलं ते भरून येणार नाही असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. तीन मजले आता ती कधी उतरणार नाही. आणि बापाने दिलं ते असं : संध्याकाळी ताटं मांडली, की ती सवयीने मुलाला हाक मारायला तोंड उघडते आणि मिटते, आणि मागच्या डाव्या कोपऱ्यातून आता काहीच येत नाही, हे त्या घरात फक्त त्याला ऐकू येतं.