सेगूला दोन दिवस

सेगूचा बेत मी तीन आठवडे करत होते. बेत दोनच दिवसांचा. रविवारी सकाळच्या बसने बामाको सोडायचं, रात्री नवऱ्याच्या मावशीकडे मुक्काम, आणि सोमवारी, बाजाराच्या दिवशी, सेगूच्या घाटावर जाऊन उभं राहायचं. नदीच्या पलीकडच्या काठावरून, माझ्या माहेराहून, कालाबुगूहून, मडक्यांनी भरलेल्या नावा येतात. त्यांतल्या एकीत आई असणार. तासभर तिच्याशेजारी बसून मडकी विकायची आणि परत फिरायचं.

नदी ओलांडायचा प्रश्नच नव्हता. मी लोहाराची मुलगी; आमच्यात पुरुष लोखंड घडवतात, बायका मडकी. लोहाराचंच घर बघायचं सोडून शेतकऱ्याच्या बुरामाशी लग्न केलं. तेव्हा झुमानादादा म्हणाला होता, "मी आहे तोवर हिचा पाय या काठाला लागणार नाही." त्याला नऊ वर्षं झाली. देवाने दादाला उदंड आयुष्य द्यावं. आठवण जरा कमी दिली असती तरी चाललं असतं.

बेतात पहिला मान निळ्या झग्याचा होता. खास शिवून, खळ घालून असा कडक केलेला, की लेक सुखात आहे हे आईला लांबूनच दिसावं.

गुरुवारी सकाळी गावाकडची एक बाई निरोप घेऊन आली. आईचे गुडघे गेलेत. आता ती नावेत चढत नाही. पावसाळ्यापासून बाजाराला आलेलीच नाही.

मी झगा गुंडाळून पिशवीत ठेवला आणि ओट्यावर बसले. तेवढ्यात दूधवाली आयसे सिदिबे आली.

"काय गं कोळशे, कोण गेलं?"

मी सगळं सांगितलं. तिने डोक्यावरचा दुधाचा भोपळा खाली ठेवला आणि हात पुढे केला. "नंबर दे."

"कोणाचा?"

"माझ्या गुलामाचा. तुझ्या भावाचा."

आयसे फुलानी आहे, गुरं राखणाऱ्या जमातीची. फुलानी आणि लोहार यांचं थट्टेचं नातं पणज्यांच्याही आधीपासूनचं. फुलानीने लोहाराला काहीही बोलावं, लोहाराने राग धरायचा नाही. आणि या नात्याच्या नावाने तिने काही मागितलं, तर नाही म्हणायचं नाही. नऊ वर्षं ही बाई रोज माझ्या दारात येऊन मला नावं ठेवत होती, आणि मला हे एकदाही सुचलं नव्हतं!

"ए कोळसेतोंड्या!" ती स्पीकर लावून फोनमध्ये ओरडली. "भाता सोड. तुझी मालकीण बोलतेय, आयसे सिदिबे."

"फुलानी?" दादाचा आवाज जसाच्या तसा होता. "कुठली गाय हरवली म्हणून सकाळी सकाळी छळतेस?"

"हरवली नाही, सापडलीय. तुझी बहीण न्येले. माझ्याकडे बांधून ठेवलीय. चारा फार खाते बाबा. परत घे."

मागचा भात्याचा आवाज थांबला.

"दुसरं काहीही माग," दादा म्हणाला.

"वा! आता लोहार सांगणार, फुलानीने काय मागायचं ते! झुमाना बालो, आपल्या नात्याच्या नावाने मागतेय. तिला काठावर उतरू दे. नाहीतर मी येते, तुझ्या दारात बसते, आणि बालोंच्या घरी फुलानीचा शब्द खाली पडला म्हणून गावभर ओरडते."

पलीकडून नाकातली फुरफुर ऐकू आली. दादा हसायला लागला की आधी नाकातूनच लागतो.

"पाण्यात दूध घालून विकणारीशी कोण वाद घालणार?" तो म्हणाला. "किती दिवस येतेय ती?"

"दोन."

"दोन? पाहुणी आहे का? निदान आठवडाभर तरी येऊ दे. आणि तो शेतकरी... त्यालाही आण म्हणावं. बघू तरी."

मागून कोणीतरी फोन ओढून घेतला.

"न्येले आहे का तिथं?"

"आई," मी म्हणाले. आणि रडायलाच लागले.

"रडतेस काय? शनिवारी भट्टी लावायची आहे. मडक्यांवर गवत पसरायला मला वाकवत नाही. उद्याच निघ. आणि जुने कपडे आण."

आयसेने भोपळा डोक्यावर चढवला. "मानाच्या दहा कोलाबिया घेऊन जा. गुलामाला माझ्याकडून बक्षीस सांग."

तीन आठवड्यांचा बेत मी घटकेत मोडला. पिशवीतून निळा झगा काढला आणि तळाशी जुनं, जळक्या ठिपक्यांचं लुगडं घातलं. बुरामा शेतावरून आला तेव्हा मी त्याचेही जुने कपडे काढत होते.

"सेगूला ना?" त्याने विचारलं.

"सेगूला कोण जातंय?" मी म्हणाले. "पलीकडे."