बायकांच्या बाजूची परात

मी एक परात बोलतेय. पांढऱ्या इनॅमलची, निळ्या काठाची, जरा खोलगट. आता माझे टवके उडालेत आणि माझ्यात कोंबड्या पाणी पितात. पण एके काळी माझ्याशिवाय देवाचं काम अडत असे.

कारखान्यातून निघाले ती अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातल्या एका दुकानात आले आणि तिथून थेट चर्चमध्ये. चर्च म्हणजे फळ्यांची एक खोली. ना घंटा, ना बाजा. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. पुरुषांची परात वेगळी होती. तिचे हाल विचारू नका, त्यांचे पाय तुम्ही पाहिलेले नाहीत.

वर्षातून एकदा, जूनमधल्या एका रविवारी, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस झाला की एकमेकांचे पाय धुवायचे. येशूने शिष्यांचे धुतले होते म्हणून. कमरेला टॉवेल बांधून गुडघ्यांवर बसायचं, समोरचीचे पाय धुवायचे, मग तिने तुमचे. वर्षभर कुंपणावरून भांडलेल्या बायका तेव्हा गळ्यात पडून रडायच्या आणि सोमवारी पुन्हा भांडायच्या. मला हसू यायचं. पण जिचे पाय कुणी धुवत नाही, ती आपल्यातली नाही, हेही तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

व्हर्जीचे पाय कुणी धुवत नसे. नवरा मारायचा म्हणून ती घर सोडून गेली आणि त्याच हिवाळ्यात तो दारू पिऊन ओढ्यात पडला नि मेला. दोष तिच्या माथी आला. ओपल त्याची बहीण, शिवाय चर्चच्या पाळकाची, म्हणजे धर्मगुरूची बायको. पाण्याची किटली तिच्याच हातात. दर जूनला व्हर्जी शेवटच्या बाकावर मोजे काढून बसायची. बायका जोड्या जमवायच्या, तिच्यासमोरून मला उचलून न्यायच्या, आणि ती मोजे परत चढवायची. मला फार राग यायचा.

व्हर्जी म्हातारी झाली, मधुमेहाने खंगली. आपल्या माणसांत गणलं जाऊन मरावं एवढीच तिची इच्छा उरली होती. एका जूनला पाळकालाच लाज वाटली असावी. त्याने सगळ्यांदेखत बायकोला सांगितलं, ऊठ आणि भावजयीचे पाय धू.

ओपल उठली. टॉवेल बांधला. किटलीतलं कढत पाणी माझ्यात ओतलं आणि बादलीतलं गार पाणी नावापुरतं घातलं. माझा तळ पोळला. तिच्या मनातलं मला तेव्हाच कळलं. व्हर्जीने सगळ्यांसमोर किंचाळून पाय ओढून घ्यावेत, म्हणजे बायका म्हणतील, बघा, हिला देवाचं पाणीसुद्धा सोसत नाही.

व्हर्जीने दोन्ही पाय आत ठेवले आणि हूं की चूं केलं नाही.

"पाणी बरं आहे ना, वहिनी?" ओपलने टोमणा मारला.

व्हर्जीच्या डोळ्यांना धार लागली. "मला काय कळतंय, ओपल. साखरेने पाय कधीच मेलेत माझे. पण तू वहिनी म्हणालीस, बास झालं."

ओपलचे हात थांबले. पाय बाहेर काढ, एवढंच म्हणायचं होतं. पण नणंद-भावजय एक झाल्या म्हणून सगळ्या बायका रडत होत्या, पाळक डोळे पुसत होता, कुणीतरी गाणं सुरू केलं होतं. ओपल बोलली नाही. गाणं संपेपर्यंत धुवत राहिली. कोंबड्या कढत पाण्यात बुडवून सोलणारे तिचे हात, तेही लाल झाले. मग तिने ते पाय घाईघाईने टॉवेलात गुंडाळले.

आता व्हर्जीची पाळी होती. त्याच पायांनी ती उठली आणि माझ्याजवळ गुडघे टेकून बसली. मला रिकामी करून ताजं पाणी घातलं, गार-गरम मिसळलं, बाही वर केली आणि बाळाच्या अंघोळीला बघतात तसा पाण्यात कोपर बुडवला.

"बोटांचा भरवसा नाही गं," ती म्हणाली. "कोपराला अजून कळतं. तुला भाजायला नको."

ओपल हमसून हमसून रडली. पवित्र आत्मा उतरला, असं सगळे म्हणाले.

व्हर्जीच्या पायांना फोड आले, मग एक पाय काळा पडला. शहरातल्या दवाखान्यात तो कापला, आणि बर्फ पडायच्या आत ती गेली. नवे बूट चावले, असं ती शेवटपर्यंत सांगत होती. दफनाच्या वेळी पाळक म्हणाला, क्षमा करावी तर माझ्या ओपलसारखी. ओपलने मान खाली घातली, आणि ती किती नम्र आहे याचंही कौतुक झालं.

परात गळते, असं खोटंच सांगून तिने मला घरी आणलं आणि कोंबड्यांच्या अंगणात टाकलं. रोज सकाळी विहिरीचं पाणी ओतते. गारढोण पाणी, तेही कोंबड्यांसाठी. तरी बाही वर करून आधी त्यात कोपर बुडवून बघते आणि बराच वेळ तशीच वाकून राहते.

ओपल, मला एकदा परत चर्चमध्ये ने. सगळ्यांसमोर ठेव आणि तेव्हा राहिलेलं ते बोल. माझं तिथे कुणी ऐकणार नाही. तुझं ऐकतील.