डेबीचा सत्कार

"काका, खरी चांदी?" सुचित्राने विचारलं.

"मग काय पितळेचा गणपती देणार?" मुरलीधर काका म्हणाले. "रविवारी घरी बोलावलं आपल्या काउन्सिलर डेबीला. शाल, श्रीफळ, गणपती. रीतसर सत्कार केला."

दोघं काउन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, सभागृहाबाहेर उभी होती. आत थोड्याच वेळात मतदान होणार होतं. मेलबर्नच्या कडेला असलेल्या त्यांच्या उपनगरातला जुना कम्युनिटी हॉल एका जिमला द्यायचा, असा ठराव होता. त्याच हॉलमध्ये दर बुधवारी मराठी ज्येष्ठांचा कट्टा भरायचा. काकांची बायको गेलेली, मुलगा-सून दिवसभर कामावर, नातू इंग्रजीत उत्तरं देणारा. आठवडाभर साठलेलं मराठी ते बुधवारी बोलून घेत. हॉल गेला की ते बोलणं संपलं.

सुचित्रा काउन्सिलमध्येच नोकरीला होती. इथला कारभार कसा चालतो हे कट्ट्यावर जाऊन समजावून सांगणं हे तिचं काम. कचरा, रस्ते, हॉल काउन्सिलकडे. पोलीस, हॉस्पिटल नाही. मंडळी माना डोलवत आणि चहा आला की विसरत.

"मी गिफ्टचं सांगितलं होतं ना? मोठं गिफ्ट घेतलं, की त्या माणसाच्या विषयावर काउन्सिलरला मत देता येत नाही."

"ते लाचेबद्दल होतं. हा सत्कार आहे. गावाकडे नगरसेवकाला नारळ दिल्याशिवाय कोणी काम सांगतं का?"

सुचित्राला त्यांचा भयंकर राग आला आणि लगेच वाईटही वाटलं. नऊ काउन्सिलरांत हॉल वाचवणारे पाच होते. पाचवी डेबी.

"मग मूर्ती परत मागून घेतो," काका म्हणाले.

"घेतली ती घेतली, काका. परत करून काही होत नाही."

"तिला कुठे कळलंय चांदी आहे ते? क्यूट एलिफंट म्हणाली." काकांनी आवाज खाली आणला. "तू गप्प बस ना, पोरी. तुला कोण विचारतंय?"

खरंच कोणी विचारत नव्हतं. तेवढ्यात डेबी आली, खांद्यावर तीच शाल. काकांना बघून तिने हसत हात जोडले. आज गप्प बसले तर परत बुधवारी कोणत्या तोंडाने शिकवणार, एवढंच सुचित्राच्या मनात आलं.

"डेबी, वन मिनिट," ती म्हणाली आणि तिला बाजूला घेऊन गेली. मूर्ती चांदीची आहे हे तिने सांगून टाकलं. डेबीचं हसू मावळलं. ती अधिकाऱ्याला शोधत आत गेली.

काका आणि सुचित्राही आत जाऊन बसली. हॉलचा विषय पुकारला गेला तशी डेबी उभी राहिली, आपल्याला गिफ्ट मिळाल्याचं सर्वांसमोर सांगितलं आणि दाराकडे निघाली.

"कुठे चालली ती?" काका कुजबुजले.

"बाहेर. हा विषय संपेपर्यंत तिला आत थांबता येत नाही."

"मत द्यायला येईल ना?"

"नाही, काका."

हात वर झाले. चार विरुद्ध चार.

"बरोबरी झाली," काकांनी तिचं मनगट धरलं. "म्हणजे वाचला?"

"बरोबरी झाली की मेयरना आणखी एक मत असतं."

मेयरनी ते जिमला दिलं. मागच्या रांगेतली कट्ट्याची मंडळी एकेक करून उठली. कोणी काकांकडे पाहिलं नाही, कारण सत्काराची कल्पना कोणाची हे सगळ्यांना माहीत होतं.

काका सुचित्राकडे वळले.

"तिला तू सांगितलंस?"

"हो."

त्यांनी मनगट सोडलं. सुचित्राला वाटलं, आता हे उठून जातील आणि पुन्हा कधी बोलणार नाहीत.

"या बुधवारी हॉल आहे ना आपल्याकडे?"

"महिनाअखेरपर्यंत आहे."

"मग हे शिकव सगळ्यांना. माझं नाव घेऊन सांग, म्हणजे लक्षात राहील."

समोर पुढचा विषय सुरू झाला होता, कुठल्यातरी रस्त्यावरच्या झाडांचा. डेबी परत येऊन जागेवर बसली. काकांनी कानातल्या मशीनचा आवाज वाढवला आणि ते पुढे सरकून ऐकू लागले.