माझ्या खाचेतली सवत

मी एक मदरबोर्ड. कंप्युटरच्या डब्यात सगळ्यांना जोडून ठेवणारी हिरवी पाटी. चाकणला मारुतरावांचं वर्कशॉप, वर त्यांचं घर, आणि घराच्या जिन्याखाली माझा डबा. गोड बोलायची सवय मला नाही. ऐकायचं तर असंच ऐका.

जन्म कुठल्यातरी परदेशी कारखान्यातला. पाच वर्षं एका ऑफिसात रजेचे अर्ज छापण्यात गेली, मग भंगार. कुदळवाडीच्या अजीजभाईंनी मला किलोवर विकलं. घेणारा अजिंक्य, मारुतरावांचा धाकटा. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडलेला. त्यामुळे घरात त्याचं आणि माझं वजन सारखंच.

त्याने माझ्यावर लिनक्स ही फुकटातली ऑपरेटिंग सिस्टिम चढवली, माझ्या चार पोर्टांना चार डिस्क जोडल्या. वर्कशॉपची सगळी ड्रॉइंगं, कंप्युटरच्या हुकुमावर धातू कापणाऱ्या सीएनसी मशीनचे सगळे प्रोग्राम त्यांच्यावर. एकीवर लिहिलेलं तिच्या जोडीदारणीवरही लिहायचं. एक मेली तरी दुसरीला तोंडपाठ. सहा वर्षं हे मी आणि लिनक्सने मिळून केलं. खंडेनवमीला लेथला हार, कंप्रेसरला हार, झाडूलासुद्धा कुंकू. जिन्याखाली कुणी वाकलं नाही.

मग ऑडिट आलं. मोठ्या कंपनीची माणसं मंगळवारी वर्कशॉप तपासणार होती. पास झालं तरच त्यांच्याकडचं ब्रॅकेटचं, म्हणजे लोखंडी आधारपट्ट्यांचं, काम राहणार, आणि त्यावरची अकरा माणसं. आमच्या पट्ट्यात ऑडिट म्हणजे लग्नघर. जमिनीवर पिवळे पट्टे ओढतात, कधी न पाहिलेल्या कुंड्या दारात येतात. तसंच ते कार्ड आलं. रेड कंट्रोलर! रेड हा रंग नव्हे; अनेक डिस्क एकत्र सांभाळणं एवढंच त्याचं काम. मारुतरावांचे जावई शेखर हिंजवडीत आयटीत, राहायला मारुंजीला. त्यांनी आणलं.

रविवारी दुपारी मारुतरावांनी त्याला कुंकू लावलं. आल्या आल्या! माझ्याच खाचेत त्याला बसवलं आणि माझ्या चारी डिस्क काढून त्याच्या पदरात घातल्या. सवत परवडली, ती निदान अर्धी चूल तरी ठेवते.

अजिंक्य म्हणाला, "दाजी, आधी सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. लिनक्सने लिहिलेलं या कार्डाला ओळखू येणार नाही."

"तू गप," मारुतराव म्हणाले. "कॉलेजात दोन वर्सं टिकला न्हाईस, आन् इंजिनियरला शिकवाया निघाला!"

स्क्रीनवर कार्डाने विचारलं: डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं? शेखरने एकदा अजिंक्यकडे पाहिलं. तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. खरं सांगतो, मीही मनात म्हणत होतो, दाब. पडू दे तोंडावर.

"व्हय म्हणा की जावईबापू. दारात किती थांबायचं?" मारुतराव म्हणाले.

शेखरने दाबलं. चार हिरवे दिवे लागले. थोड्या वेळाने वर्कशॉपमधून सोनबा ऑपरेटर ओरडला, "मालक, ब्रॅकेटचा प्रोग्राम उघडत न्हाई! एकबी उघडत न्हाई!"

मारुतराव जिन्याच्या पायरीवर बसले. मला आधी आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मग कळलं, पुसलं गेलं ते कार्डाचं नव्हतं, माझ्या सहा वर्षांचं होतं.

"तुला माहीत होतं," शेखर हळूच म्हणाला.

"एकदा बोललो, दाजी." अजिंक्यने माझा डबा पुढे ओढला. "दुसऱ्यांदा बोलायला पाहिजे होतं."

आणि मारुतराव? मुलगा समोर उभा, तर ते जावयाला विचारतात, "आता कुणाला बोलवायचं?"

अजिंक्यने कार्डाच्या तारा उपटल्या आणि चारी डिस्क पुन्हा माझ्या पोर्टांना लावल्या, पूर्वीच्याच क्रमाने. तो क्रम दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हता. कार्डाने डिस्कची फक्त दोन टोकं पुसली होती, मधलं सगळं शाबूत होतं. त्याने लिनक्सला बजावलं: या चौघी जुन्याच आहेत, नवीन काही लिहू नकोस, फक्त ओळख. सोमवारी दुपारी शेवटचं ड्रॉइंग उघडलं. तो डब्यावर डोकं टेकून झोपला. तेवढा वेळ तो माझा होता.

मग उठला, सगळ्याची दुसरी प्रत काढली, ऑडिटला कार्डच दाखवायचं म्हणून डिस्क स्वतःच्या हाताने कार्डाला दिल्या आणि प्रत त्यांच्यावर परत उतरवली. कार्डाचं माहितीपुस्तक ओळ न् ओळ वाचून. माझं पुस्तक त्याने कधी शोधलंही नव्हतं.

ऑडिट पास झालं. मारुतराव ऑडिटच्या साहेबांना म्हणाले, "आमच्या जावयानं बसवलं." संध्याकाळी अजिंक्य म्हणाला, "आबा, एकदा तरी माझं नाव घ्यायचं."

"घरच्याचं कसलं कौतुक करायचं रं?"

थोरांना हे वाक्य पाठ असतं. घरच्याने राबायचं, पाहुण्याने मिरवायचं. ज्यांच्या जिन्याखाली असं कुणी असेल, त्यांनी तो जिवंत आहे तोवर एकदा वाकून बघावं, एवढंच मागणं.

कार्ड फार तापतं. अजिंक्यने त्याच्यासमोर छोटा पंखा बसवलाय. त्या पंख्याला वीज माझ्यातून जाते. मी ती रोज देतो. मनापासून देत नाही, हे लिहून ठेवा.