मधल्या पानावर मजीदचाचा

छापील शब्दाने राज्यं उलथवली, गुलाम सोडवले आणि माणसाला माणूस केलं. हे वाक्य तस्नीमने हायस्कूलच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत घेतलं होतं. गुरुवारी सकाळी रत्नागिरीच्या प्रेसमध्ये उभं राहून मात्र तिला वाटत होतं, की हा छपाईचा शोध कुणी लावलाच नसता तर फार बरं झालं असतं.

स्मरणिका बत्तीस पानांची. सोळा पानं मराठी, डावीकडून उघडणारी. सोळा उर्दू, उजवीकडून. गावाची पद्धतच तशी. दोन्ही बाजूंना पहिलं पान, म्हणजे मागे कुणीच नाही. दोघं मध्ये भेटतात. कॉलेजात मांडणी शिकणाऱ्या तस्नीमने दोन्ही भागांच्या वेगळ्या फाइली केल्या, समास मोजले, रकाने जुळवले, प्रुफं तीनदा तपासली. मध्ये कोण कुणाला भेटतं, तेवढं पाहायचं राहिलं.

भेटले ते असे. मराठीचं शेवटचं पान 'भावपूर्ण श्रद्धांजली': काळी चौकट, दिवंगत सहा शिक्षकांचे सहा छोटे फोटो. त्याला खेटून उर्दूचं शेवटचं पान: शाळेचे अध्यक्ष मजीदचाचा, पानभर. फोटो सत्काराचा होता. गळ्यात हार होता.

पाचशे प्रती छापून झाल्या होत्या. पिना मारणं तेवढं चालू होतं.

"घाबरतेस कशाला?" प्रेसवाला निलेश म्हणाला. "माणूस धडधाकट आहे. अकराला स्वतः येतोय बघायला."

तीच तर तिची भीती होती. अब्बा तिला पुढे शिकायला मुंबईला पाठवायला तयार नव्हते. ते ऐकत फक्त मजीदचाचांचं, आणि चाचांनी सांगितलं होतं, "पुस्तक मनासारखं झालं, तर मी बोलेन."

चाचा आले, खुर्चीवर बसले, टोपी सारखी केली आणि प्रत उजवीकडून उघडली. बोट ओलं करून एकेक पान.

"चाचा, चहा सांगू?"

"वाचून होऊ दे गो."

नवव्या पानावर ते खूश झाले. बाराव्यावर तस्नीम खोकली. चौदाव्यावर निलेशने पंखा पाचवर केला, चार पानं एकदम उलटतील या आशेने. पण चाचांचा अंगठा पानावर पक्का होता.

मग मधलं पान आलं.

चाचांनी उजवीकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं. पुन्हा उजवीकडे. पिना मारणारा हात थांबला.

"हे रावजी मास्तर ना?"

"हो, चाचा."

"गेले."

"हो."

"आणि हा मी."

तस्नीम एका दमात म्हणाली, "चूक माझीच आहे. दोन्ही पानं शेजारी लावून मी बघितलीच नाहीत. निलेशदादांचा दोष नाही. मधला कागद पुन्हा छापून देते, सगळा."

चाचांनी फडफडणारं पान अंगठ्याने दाबून धरलं. पंखा पाचवरच होता.

"ह्या रावजी मास्तरांनी मला चार वर्षं वर्गाबाहेर उभा केला," ते म्हणाले. "शेजारी बसवला तो आज. राहू दे."

"पण अब्बा..."

"रविवारी येतो त्यांच्याकडे. सांगतो, पोरीला मुंबईला पाठवा. इथे ठेवलीत तर एकेकाला चौकटीत बसवील."

तस्नीमला हसावं की रडावं कळेना. चाचा उठले, दारापर्यंत गेले आणि परत वळले. चेहऱ्यावर प्रथमच भीती दिसत होती.

"तुझ्या जन्नतचाचीने तो हार ह्या चौकटीशेजारी बघितला, तर मला आजारी ठरवून चहातली उरलीसुरली साखरही बंद करील," ते हळू आवाजात म्हणाले. "आमच्या घरच्या प्रतीची पिन तेवढी सैल मार, मधला कागद वाटेतच गळू दे."